नदीला उतार नाही

गेला पंधरवडा आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. जमिनीवर चार मोठे नकाशे अंथरलेत. कडा वर येऊ नयेत म्हणून त्यांवर वरवंटा, पितळी तांब्या आणि माझी औषधांची डबी ठेवली आहे, आणि पंखा लावायला सगळ्यांना बंदी आहे. सौ.ने दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "एका जिल्ह्याला चार नकाशे कशाला लागतात हो?"

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर गमतीचं आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने सगळ्या देशावर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकोन पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. त्यातली २० अंश अक्षांशाची आडवी रेघ आणि ७६ अंश रेखांशाची उभी रेघ नेमक्या आमच्याच भागात, देऊळगाव राजाच्या जरा अलीकडे, एकमेकींना छेदतात. त्यामुळे जालना शहर ४७ क्रमांकाच्या चौकोनात, भोकरदन ४६ मध्ये, आणि उभ्या रेघेच्या पूर्वेला राहिलेला भाग ५५ आणि ५६ मध्ये. जुन्या पद्धतीने सांगायचं तर ४६ पी/१६, ४७ एम/१३, ५५ डी/४ आणि ५६ ए/१ हे चार कागद एकमेकांना टेकवले की मधोमध तो बिंदू येतो. इतकी वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, पण आपण चार कागदांच्या सांध्यावर राहतो हे मला निवृत्तीनंतर कळलं. असो.

हा सगळा पसारा आमच्या सिंगापूरच्या पुतण्यामुळे झाला. तो दिवाळीत आला होता. म्हणाला, "काका, उपग्रहाच्या फोटोत आपलं गाव दिसतं, वाड्याचे पत्रेसुद्धा दिसतात. पण आजी उन्हाळ्यात पाणी कुठून आणायची, बाबा पोहायला कुठे शिकले, ते नाही दिसत. तुम्ही एक नकाशा काढून ठेवा. मी तो सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवतो." मला कल्पना आवडली. निवृत्त मास्तराला कुणी काम सांगितलं की आवडतंच. मी उत्साहाने सुरुवात केली, पाऊणएक गाव काढून झालं, आणि एका जागी येऊन अडकलो. ती जागा कोणती आणि का अडकलो हे सांगायचं तर आधी असईला जाऊन यायला हवं.

असई आमच्याच जिल्ह्यातलं लहानसं गाव. केळना आणि जुई या दोन नद्या तिथे जवळजवळ समांतर वाहत येतात आणि गावाच्या पुढे एकत्र होतात. त्या दोघींच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय चौतीस. थोरला भाऊ गव्हर्नर जनरल. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगप्रसिद्ध झाला. पण तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारलं तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं. आमच्या भोकरदनकडच्या माणसांना हे सांगितलं की ती जरा ताठ बसतात. वास्तविक त्या लढाईत आपण हरलो होतो.

लढाईची वर्णनं पुष्कळ आहेत. मला तिच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. त्या दिवशी वेलस्लीजवळ या मुलखाचा कामाला येईल असा नकाशा नव्हता. जेम्स रेनेलचा हिंदुस्थानचा प्रसिद्ध नकाशा १७८२ मध्येच निघाला होता, पण रेनेलने मोजणी केली ती बंगालची. दख्खनचा पोटातला भाग त्याने प्रवाशांच्या आणि फौजांच्या टिपणांवरून भरला. फौज ज्या रस्त्याने गेली त्या रस्त्यावरची गावं कागदावर आली. चाकाला लावलेल्या यंत्राने अंतर मोजायचं, होकायंत्राने दिशा घ्यायची, मुक्कामाला नाव विचारून लिहायचं. रस्त्यापासून दोन कोस आत काय आहे ते कागदाला ठाऊक नसे. तेव्हा आमचा हा कोरडा, काळ्या दगडाचा, पावसाळा सोडला तर नद्यांतून वाळूच वाहणारा मुलूख त्या साहेबांच्या लेखी वाळवंटाइतकाच अनोळखी होता.

आता गंमत पाहा. वेलस्लीच्या हेरांनी बातमी आणली की मराठ्यांची छावणी भोकरदनला आहे. त्याप्रमाणे त्याने हिशेब केला. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज वेगळ्या वाटेने येणार, दोघांनी मिळून २४ तारखेला हल्ला करायचा. पण २३ ला मोठी मजल मारून मुक्कामाच्या जागी येतो तो समजलं की शत्रू अगदी जवळ, पाच-सहा मैलांवरच आहे! हेर खोटं बोलले नव्हते. भोकरदन हे गावाचं नाव आणि परगण्याचंही नाव. छावणी भोकरदन परगण्यात होती, भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली. चूक कशी झाली याचा हा खुलासा पुढे त्याचा त्यानेच केला. आजही आमच्याकडे एखाद्याच्या घरी विचारा, "कुठे गेलेत?" "भोकरदनला." म्हणजे तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यात गेलेले असू शकतात. हे ज्याला ठाऊक नाही त्याची गाडी चुकणार, नाहीतर लढाई एक दिवस आधी होणार.

थांबलो तर ते निसटतील म्हणून त्याने स्टीव्हन्सनची वाट न पाहता लढायचं ठरवलं. त्याच्याकडे सुमारे सात हजार माणसं. समोर चाळीस-पन्नास हजार, त्यातलं कवायती पायदळ दहा-अकरा हजार आणि शंभराच्या आसपास तोफा. पायदळाचा मुख्य अधिकारी पोलमन नावाचा जर्मन. मध्ये केळना नदी. शत्रूसमोर नदी उतरणं म्हणजे सरळ तोफेच्या तोंडी जाणं. बाजूने कुठे उतार आहे का? वाटाडे स्थानिक होते. त्यांनी एका तोंडाने सांगितलं की जवळपास उतार नाही.

वेलस्लीने दुर्बीण लावून नदीकडे पाहिलं. खाली पूर्वेला नदीच्या अलीकडच्या काठाला एक गाव दिसलं आणि बरोबर त्याच्या समोर पलीकडच्या काठाला दुसरं. इंग्रजांच्या कागदात त्यांची नावं पीपलगाव आणि वरूर अशी आहेत, आपल्या तोंडात पिंपळगाव आणि वरूड. त्याने मनाशी म्हटलं, दोन गावं इतकी समोरासमोर वसतात ती काही एकमेकांची तोंडं नुसती पाहायला नाही, ये-जा करायला उतार असणारच. पाहून यायला आपला इंजिनिअर अधिकारी धाडला. उतार होता! त्याच उताराने फौज पलीकडे गेली. उतरताना एक तोफेचा गोळा त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं घेऊन गेला. पोलमननेही कमाल केली, सगळी रांग काटकोनात फिरवून दोन नद्यांच्या मध्ये नवी फळी धरली. संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. आपल्या बाजूच्या गोलंदाजांपैकी कित्येक तोफेजवळून हलले नाहीत, तिथेच मेले. त्यांची नावं कोणत्या कागदात नाहीत.

त्या वर्षाच्या शेवटी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख, त्यात जालना किल्ल्यासकट आलं, त्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. मग थेट १७ सप्टेंबर १९४८. माझे वडील उर्दूतून शिकले, मी मराठीतून, याची मुळं शोधत गेलं तर त्यांतलं एखादं केळनेच्या त्या उतारापर्यंत जातं.

मी शिक्षक असताना एकदा आठवीच्या मुलांची सहल असईला नेली होती. सालही आठवतं, १९८२, कारण जालना जिल्हा नवा झाला होता (१ मे १९८१) आणि आम्हा शिक्षकांना आपल्या जिल्ह्याचा इतिहास शिकवायचा उत्साह होता. एसटीने भोकरदन, पुढे चालत. नदीच्या काठावर मुलांना बसवलं आणि नाट्यमय आवाज काढून सांगितलं, "वाटाडे म्हणतात उतार नाही. समोर पन्नास हजारांची फौज. आता वेलस्लीने काय पाहिलं असेल?" मला वाटलं होतं मुलं विचारात पडतील. मागून एक काळासावळा पोरगा, सकाळी गुरं सोडून शाळेत येणारा, सहज म्हणाला, "सर, समोर गाव हाये ना. मग उतार असणारच की. नाहीतर पोरी कशा देतील?"

मुलं हसली. मीही हसलो. आणि मग माझ्या लक्षात आलं की युरोपातल्या इतिहासकारांनी ज्या तर्काला सेनापतीची प्रतिभा म्हटलं, तो तर्क या पोराने चणे खाता खाता केला आहे. वर त्याने कारणही वेलस्लीपेक्षा बारीक दिलं. दोन गावांत सोयरीक असते. लेकीबाळी पाण्यातून ये-जा करतात. उतार त्यांच्यासाठी असतो.

पण मग वाटाड्यांनी नाही का म्हटलं? त्यांना हे ठाऊक नसेल? गुराख्याच्या पोराला जे कळतं ते त्या भागात वाटा दाखवून पोट भरणाऱ्याला कळणार नाही? त्या दिवशी परतताना एसटीत हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो अजून उठलेला नाही.

वेलस्लीचा धडा मात्र आणखी मागे, असईच्या चार वर्षं आधी सुरू होतो. एप्रिल १७९९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणला वेढा दिला होता. तिथल्या सुलतानपेठच्या आमराईवर वेलस्लीने रात्री हल्ला केला. आत गेला तो अंधारात वाट चुकला, माणसं गमावली आणि कसाबसा छावणीत परत आला. जागा दिवसा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रात्री हल्ला करायचा नाही हे त्याने तेव्हा ठरवलं. त्याच वेढ्यात जनरल बेअर्डची एक तुकडी रात्री परतताना अशीच चुकली आणि टिपूच्या बाजूला चालू लागली. बरोबर एक मध्यमवयीन लेफ्टनंट होता, त्याने आभाळाकडे पाहून सांगितलं की आपण उत्तरेला नाही, दक्षिणेला चाललोय. ताऱ्यांनी तुकडी वाचली. या लेफ्टनंटचं नाव विल्यम लॅम्बटन. वेलस्लीच्याच ३३ व्या पलटणीतला.

टिपू पडल्यावर लॅम्बटनने सरकारला लिहिलं की रस्त्यारस्त्याने चाक फिरवून नकाशे करणं पुरे, आता त्रिकोणांनी देश मोजू या. वेलस्लीने त्याला पाठिंबा दिला. १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजायला सुरुवात झाली. साडेसात मैलांच्या सरळ रेषेला सत्तावन्न दिवस लागले! त्यासाठी वापरलेली पोलादी साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेली होती, त्याने ती घेतली नाही म्हणून ती हिंदुस्थानात आली. कोन मोजायचं मोठं यंत्र तर अर्ध्या टनाचं. ते विलायतेहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट पळवलं आणि मग शास्त्राचं सामान म्हणून मोठ्या मनाने परत केलं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना ते आदळून वाकडं झालं. लॅम्बटन तंबूत बसून दीड महिना ते दुरुस्त करत होता.

त्या साडेसात मैलांवरून एक त्रिकोण, त्याच्या बाजूवर दुसरा, असं करत करत लॅम्बटन कन्याकुमारीकडून ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेला सरकत राहिला. १८१५ मध्ये बीदर. पुढे वऱ्हाड. १८२३ च्या जानेवारीत नागपूरकडे जाताना हिंगणघाटला मुक्कामात तो वारला. वय सत्तरीच्या घरात. कबर तिथेच आहे. पुढचं काम त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्टने नेलं आणि शिखराला नाव मिळालं त्याचं. आमच्या वर्गात दरवर्षी "एव्हरेस्ट कोण होता?" याला दोन गुण असत, लॅम्बटनला अर्धाही नसे. मीच प्रश्न काढायचो, तेव्हा दोष माझाच.

त्रिकोणाच्या पद्धतीची खरी गोम अशी, की तिला वाटाड्या लागत नाही. टेकडीवरून टेकडी दिसली की झालं. खालच्या माणसाने उतार आहे म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, कोन बदलत नाही. असईच्या नदीकाठी वेलस्लीला माणसांच्या तोंडाकडे पाहावं लागलं, लॅम्बटनने माणूसच मधून काढून टाकला. मला यात दोष दाखवायचा नाही. जे झालं ते अफाट झालं. पण त्याच काळात कॉलिन मॅकेन्झी नावाचा दुसरा मोजणीवाला होता. त्याने निजामाच्या मुलखातही बरीच वर्षं काढली, पुढे १८१५ मध्ये तो साऱ्या हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. त्याची रीत उलटी. तो कावली बोरय्या, लक्ष्मय्या या भावांना गावोगाव पाठवून कैफियती, शिलालेख, दंतकथा गोळा करायचा. नदी कुठे वळते याबरोबर ती तिथे का वळली म्हणतात, हेही त्याला हवं असे. मला लॅम्बटनविषयी आदर आहे, मॅकेन्झी मात्र आमच्या ओसरीवर चहाला यावासा वाटतो.

आपल्या शेताच्या बांधापर्यंत मोजणी पोचली ती पुष्कळ नंतर, सालारजंगांच्या काळापासून निजामाने मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी सुरू केल्यावर. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आपल्या पिढीतल्या भावकीची निम्मी भांडणं या साखळीच्या आण्यांवर चाललेली आहेत, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

आणखी एका माणसाचं नाव मात्र घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तो आमच्या जातीचा, म्हणजे मास्तर. नैनसिंग रावत. कुमाऊंमधल्या मिलम गावच्या शाळेत शिकवायचा. तिबेटात साहेबाला मज्जाव होता, म्हणून मोजणीखात्याच्या माँटगोमेरीने या मास्तराला तयार केलं. दोन हजार पावलं म्हणजे एक मैल, असं ठरीव पाऊल टाकायला शिकवलं. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनेच्या चक्रात मंत्राऐवजी टिपणाचे कागद. पारा कवड्यांत भरलेला. १८६५-६६ मध्ये तो असा मोजत ल्हासाला जाऊन आला. आणि १८७४ मध्ये लेहहून पुन्हा ल्हासाला निघाला तो चांगथांगच्या पठारावरून. चौदा-पंधरा हजार फुटांवरचं वाळवंटच ते. वाळू, खारी सरोवरं, आणि मैलोगणती माणूस नाही. अशा ठिकाणी मुक्कामाला सगळ्यात आधी पाहायचं ते गोड पाणी कुठे आहे आणि जाळायला काय आहे. १८७७ मध्ये लंडनच्या भूगोल संस्थेने त्याला सुवर्णपदक दिलं. पण त्या पठारावर त्याला झऱ्यांच्या जागा कळायच्या कशा? तिथल्या धनगरांना विचारूनच ना. आणि ते बिचारे त्याला यात्रेकरू समजून सांगायचे. हे वाचताना मला पहिल्यांदा त्या मास्तराचा अभिमान वाटला आणि दुसऱ्यांदा जरासं कसंतरी झालं.

आता माझ्या नकाशाकडे येतो.

आमचं गाव पूर्णेला मिळणाऱ्या एका लहान नदीवर आहे. नाव लिहीत नाही, घरच्यांना ठाऊकच आहे. मार्चनंतर नदीला पाणी नसतं, वाळू असते. वाळूत योग्य जागी हातभर-दोन हात उकरलं की खाली पाणी झिरपतं, त्याला आम्ही झिरा म्हणतो. बायका तिथे बसून वाटीवाटीने घागर भरतात. १९७२ च्या दुष्काळात मी बी.ए. होऊन घरी आलो होतो. भूगोल माझ्या डोक्यात ताजा होता. मी आईला सांगितलं, वळणाच्या बाहेरच्या बाजूला पात्र खोल असतं, तिथे उकरा. दोघा मित्रांना घेऊन कमरेइतका खड्डा मीच खणला. त्यात ओल होती, पाणी नव्हतं. दुपारी थोरल्या वहिनी आल्या, खड्ड्याकडे एकदा पाहिलं, काही बोलल्या नाहीत, आणि वरच्या अंगाला करंजाच्या झाडाखाली जाऊन बसल्या. कोपरभर उकरलं आणि पाणी आलं. तिथे वाळूखाली काळ्या पाषाणाची आडवी पट्टी आहे आणि तिला पाणी अडतं, हे मला खूप वर्षांनी समजलं. वहिनींना ते सासूने दाखवलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. २०१२-१३ च्या दुष्काळात गावात टँकरची वाट पाहत भांडी रांगेत होती, तेव्हाही वहिनींनीच सुनांना नेऊन ती जागा दाखवली.

झिऱ्याजवळच जुना गाडीवाटेचा उतार होता. पलीकडच्या गावाला जायचा. आमच्या आत्याचं वऱ्हाड त्याच उताराने गेलं. पूल झाल्यावर तो पडीक झाला, आता वेड्या बाभळींनी बुजलाय. माहीत नसणाऱ्याला दोन हातांवरूनही दिसत नाही.

नकाशात मी पार, वेस, वाडे, दोन आड, मारुती, शाळा, खळी सगळं दाखवलं. नदीशी आलो आणि खात्री करून घ्यायला वहिनींकडे गेलो. त्यांना आता अठ्ठ्याऐंशी चालू आहे. कान गेले, डोळे बरे आहेत. कागद पुढे धरला आणि मोठ्याने विचारलं, "वहिनी, उतार करंजाच्या वर का खाली?"

त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे कोण कोण बघणार?"

मी म्हटलं, "सगळे. आपला सिंगापूरचा पोरगा इंटरनेटवर टाकणार आहे."

"मग तिथं उतार नाही," त्या म्हणाल्या. "लिहा तसं."

"अहो, पण होता ना! आत्या गेली की त्याच उताराने."

"नाही. अन् झिरापण नाही."

मी वेड्यासारखा बघत राहिलो. त्यांनी हात लांब करून नदीच्या खालच्या अंगाकडे बोट दाखवलं. तिकडून रात्रीचा आवाज येतो हे मला ठाऊक होतं. खालच्या दोन गावांची वाळू संपली आहे. आधी ट्रॅक्टर होते, मग हायवा आले. पात्र उकरून मुरमाला लागलंय आणि काठच्या विहिरी उतरल्या आहेत. आमच्याकडची वाळू राहिली ती गाडी खाली उतरवायला वाट नाही म्हणून. म्हणजे आहे, पण बाभळीखाली आहे आणि ती नेमकी कुठे हे सांगू शकणारी चार-पाच म्हातारी माणसं उरली आहेत. त्यात मी एक, आणि मी ती काळ्या शाईने ठळक करून, वर बाणाची खूण काढून साऱ्या जगासाठी ठेवायला निघालो होतो!

त्या रात्री झोप लागली नाही. १९८२ च्या एसटीतला प्रश्न पुन्हा डोक्यात होता. केळनेकाठचे ते वाटाडे मला आता पुरते मूर्ख वाटत नाहीत. मला वाटतं त्यांना उतार पाठ होता. त्यांच्याही बहिणी पलीकडे दिलेल्या असतील. परकी फौज, तिच्या तोफा, बैल, घोडे आपल्या दोन गावांमधून जाऊ नयेत एवढंच त्यांना हवं असेल. उभी पिकं होती, सप्टेंबरचा महिना. त्यांनी नाही म्हटलं. ते नाही टिकलं नाही, कारण समोरचा हुशार निघाला. इतिहासाच्या पुस्तकात मी पस्तीस वर्षं तो हुशार माणूसच शिकवला.

पुतण्याला फोन करून सांगितलं. तो आधी हिरमुसला. म्हणाला, "काका, पण नाही लिहिलं तर आजीची जागा कायमचीच जाईल ना? वहिनी-काकू गेल्यावर?" त्याचंही चूक नाही. शेवटी असं ठरलं की नकाशे दोन काढायचे. एक सगळ्यांसाठी, त्यात नदी सरळ निळी रेघ. दुसरा एकच, हाताने काढलेला, माझ्या लोखंडी कपाटात. त्याची झेरॉक्ससुद्धा नाही. चुलत्या-पुतण्यांपैकी ज्याला हवा त्याने घरी येऊन पाहावा, जेवून जावं. सुनांना मात्र नकाशा दाखवायचा नाही, त्यांना करंजाखाली घेऊन जायचं, हे वहिनींचं मत. या उन्हाळ्यात धाकट्या सूनबाईंना त्या स्वतः रिक्षातून घेऊन जाणार आहेत.

परवा दोन्ही नकाशे पुरे करून वहिनींना दाखवायला नेले. चष्मा लावून त्यांनी पहिला बघितला, मान हलवली. दुसरा फार वेळ बघितला. बोटाने वाड्यापासून नदीपर्यंत हळूहळू गेल्या, मध्ये एकदा थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, म्हसोबा कुठंय?"

म्हसोबा राहिला होता. वाटेवर, बांधाच्या कोपऱ्याला, चिंचेखाली. उद्या घालतो.